गुरुवारी गाडी धुताना

मेंढरं गेली आणि मोटारसायकल आली. आमच्या घरात ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरकली, त्यामुळे आप्पांनी त्या दोन गोष्टींत कधी फारसा फरक केला नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आजोबांची सगळी हयात रानोमाळ हिंडण्यात गेली, आणि आप्पांच्या काळात आम्ही कवठे येमाईच्या बाहेर, कालव्याच्या खालच्या अंगाला थोडं रान घेऊन बसलो. रान घेतलं तरी थोडी मेंढरं आप्पांनी ठेवली होती, पायांना काम राहावं म्हणून. मग माझा मोठा भाऊ, बाळूदादा, रांजणगावला कंपनीत लागला. कंपनीची बस मोठ्या रस्त्यानं जायची, आमच्या वस्तीकडे वळायचं तिला काही कारण नव्हतं, आणि शिफ्टला उशीर झाला की दादाला गेटवरूनच माघारी यावं लागायचं. गाडी घ्यावी लागणार हे सगळ्यांना दिसत होतं, ती कशातून येणार हेही दिसत होतं. कुणी बोलेना, तेव्हा आप्पाच एका बाजाराच्या दिवशी मेंढरं घेऊन पहाटे निघाले आणि संध्याकाळी नुसती काठी घेऊन परत आले. जेवताना एवढंच म्हणाले, "बरी जागा बघून दिली. आता आण तुझी गाडी."

गाडी आली ती काळी, टाकीवर लाल पट्टे. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आप्पांनी हेडलाइटवर भंडारा लावला आणि मग तिच्या अंगावरून हात फिरवायला लागले. हात फिरवता फिरवता इंजिनाला लागला आणि चटका बसला. "हिला ताप हाय का काय रं?" आप्पांनी विचारलं. दादा म्हणाला, "इंजन तापतंच आप्पा. शिरूरपासनं चालत आलीय ती." आप्पांनी मान डोलावली. शिरूरपासून चालत आलेल्याचं अंग तापणारच, हे त्यांना पटलं. चालवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. दादानं दोनदा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "बसून चालायचं माझ्या पायाला कळत न्हाई. तू चालव. मी तिची निगा बघतो."

आणि त्यांनी खरोखर निगा बघितली. कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची. त्या दिवशी दादा रात्रपाळी करून यायचा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन भाकरी खायचा आणि जो आडवा व्हायचा तो दिवस कलेपर्यंत. गाडी मोकळी सापडायची. मग आप्पा धोतराचा सोगा खोचायचे, मला हाक मारायचे आणि आम्ही दोघं गाडी ढकलत चढावरून कालव्याला न्यायचो. आप्पा पुढे हँडलला धरून, बोकडाला शिंगाला धरून नेतात तसे, आणि मी मागून कॅरिअरला रेटत. मेंढरं कातरायच्या आधी धुतात, ती रीत आप्पांच्या हातात मुरलेली होती, आणि तीच त्यांनी गाडीला लावली. आधी तोंड. म्हणजे हेडलाइट. "तोंडाला आधी पाणी लावलं म्हंजी जनावर बुजत न्हाई," ते मला सांगायचे, आणि मी मान हलवायचे. मग मान, मग पाठ, मग पोट, आणि शेवटी पाय. साबण लावायचा नाही, साबणानं कातडी कोरडी पडते. ओल्या तळव्यानं घासायचं आणि घोंगडीच्या जुन्या तुकड्यानं पुसायचं. हसायचं काम नाही. तुम्ही कधी लोकरीच्या जाड्याभरड्या तुकड्यानं मोटारसायकलचं मडगार्ड पुसून बघा. त्यात तोंड दिसतं.

चेनचं काम माझ्याकडे होतं. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश घेऊन मी एकेक कडी घासायचे, आप्पा मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचे, आणि काळं पाणी गळत गळत शेवटी चेन पांढरी चकचकीत दिसायला लागायची. तोवर बारा वाजत आलेले असायचे. वस्तीवरून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज चढावर ऐकू यायचा, कालव्याच्या पाण्याला एक गार वास असायचा, आणि आप्पा बोलत असायचे. एरवी घरात तोंड न उघडणारा हा माणूस गाडी धुताना बोलायचा. भीमेच्या कडेला कुठं मेंढरं बसवायचे, कुठल्या गावची माणसं ताक द्यायची, कुठल्या गावची कुत्री सोडायची. मला त्यांचं सगळं तरुणपण त्या कालव्यावर, रॉकेलच्या वासात कळलं. आता शिरूरला आमच्या घरासमोरच वॉशिंग सेंटर आहे. पोरं फेसाचा फवारा मारतात आणि चहा पिऊन होईस्तोवर गाडी परत देतात. मी माझी स्कूटर तिथंच धुऊन घेते, तक्रार काही नाही. पण तेवढ्या वेळात कुणाचं तरुणपण सांगून होत नाही.

अडचण यायची ती परतताना. जाताना चढ, येताना उतार. चढावर गाडी रेटता यायची, उतारावर ती आप्पांना ऐकायची नाही. पहिल्याच खेपेला तिनं त्यांना ओढत नेलं, पटका बाभळीत अडकला आणि आप्पा बोडके घरी आले. दुसऱ्या खेपेला ते मला म्हणाले, "तू बस वर. आन् ते पायाखालचं हाय ना, ते दाबत ये." अशी मी गाडीवर बसले. माझी बारावी झाली होती, पुढचं शिक्षण घरात रेंगाळलं होतं आणि लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. बाकी लोक गाडी शिकतात ती पळवायला. मी आधी थांबवायला शिकले. पुढचा ब्रेक मात्र दाबायचा नाही, माणूस तोंडावर पडतं, असं गावातल्या झाडून सगळ्यांचं मत होतं, म्हणून त्या दांडीला मी बोटही लावत नव्हते. काही आठवडे मी बंद गाडीवर बसून, मागचा ब्रेक दाबत दाबत उतार उतरले. मग एका गुरुवारी किल्ली लागलेली होती, गिअर पडलेला होता, आणि क्लच कसा सोडायचा हे दादाच्या मागे बसून मी पुष्कळदा पाहिलेलं होतं. सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन सुरू झालं. आप्पा मागून धावत आले. मला वाटलं आता बसणार धपाटा. ते म्हणाले, "बोलली की गं." आणि जरा थांबून, इकडंतिकडं बघून, "मागं जागा हाय का?"

त्यानंतर आमचं गुरुवारचं काम जरा लांबायला लागलं. गाडी धुऊन झाली की कालव्याच्या भरावावरून पुलापर्यंत जायचं आणि यायचं. मी पुढे, ओढणी कमरेला गुंडाळलेली. मागे आप्पा, पटका घट्ट बांधलेला, धोतर दोन्ही मांड्यांखाली दाबलेलं. ते लोकांची रानं बघत यायचे आणि माझ्या कानात सांगायचे, ह्याचा कांदा बरा हाय, ह्यानं पाणी जास्त दिलंय. इतके खूश मी त्यांना मेंढरं गेल्यापासून पाहिले नव्हते. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला झोपेतही कंपनीची यंत्रं ऐकू यायची, त्यात आमचा आवाज खपून जायचा. आईला सगळं ठाऊक होतं. धुतल्यावर ओला ब्रेक उतारावर असा काही किंचाळायचा की तो आवाज आला की आई चहाचं आधण चढवायची. आम्ही अंगणात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असायची. त्या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

आप्पांना मात्र तो किंचाळण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. ज्या माणसानं बैलगाडी वापरली आहे त्याला चाकाचा आवाज म्हणजे लाज. चाक ओरडलं की गाव म्हणणार, ह्याला वंगण घालायची अक्कल नाही. आमच्या बैलगाडीला वंगणाचं डबडं कायम टांगलेलं असायचं. "एवढी धुतो, पुसतो, आन् ही उतारावर गावभर माझ्या नावानं बोंबलती," असं ते दोनतीनदा म्हणाले होते. मी म्हणाले, वाळला की थांबतो आवाज. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं, असं मला वाटलं.

याच सुमारास माझ्या मामानं, म्हणजे आईच्या भावानं, राहूचं स्थळ आणलं. राहू म्हणजे दौंड तालुका, नदीकाठ, काळी माती, ऊस. माणसं आमच्यातलीच, पण आमच्या कितीतरी आधी मेंढरं सोडून जमिनीला चिकटलेली; आता बागायत होती आणि स्वतःचं गुऱ्हाळ होतं. मुलाच्या वडलांना सगळे तात्या म्हणत. आईला हे स्थळ एवढं मोठं वाटत होतं की तिनं त्या आठवड्यात घर दोनदा सारवलं. बघण्याचा कार्यक्रम दादाच्या सुट्टीमुळे गुरुवारीच ठरला, दुपारच्या जेवणानंतर. सकाळी आईनं आप्पांना बजावलं, "गाडी धुऊन अंगणात उभी करा. आल्या आल्या पाव्हण्यांना दिसली पायजे." दादा त्या दिवशी झोपला नव्हता, बैठकीची घोंगडी झटकत होता. मी आप्पांबरोबर निघाले तर आई म्हणाली, "तिला कशाला? तिनं अंघोळ कवा करायची?" आप्पा म्हणाले, "चेन कोण घासंल?"

त्या दिवशी आम्ही गाडी अशी धुतली की तशी ती कंपनीतून निघतानाही नसेल. मी हातांना लागलेलं रॉकेल धुवायला पाण्यात उतरले तेवढ्यात आप्पांनी गाडी एका कुशीवर आडवी केली. मेंढराचं पोट बघायचं तर ते आडवं पाडावं लागतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्याजवळ एक बाटली होती, तीही मी पाहिली. तीत काय आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गाडी उभी केली, पुसली, भंडारा लावला, मी किक मारली, आप्पा मागे बसले आणि आम्ही उताराला लागलो.

निम्म्या उतारावर मी ब्रेक दाबला. आवाज आला नाही. आप्पा मागून समाधानानं म्हणाले, "बघ. गप झाली का न्हाई?" मी म्हणाले, "आप्पा, काय केलं?" ते म्हणाले, "वंगण घातलं." पायाखालची पट्टी पार खालपर्यंत जात होती आणि गाडीला त्याची दखल नव्हती. वेग वाढला. मी ओरडले, "आप्पा, थांबत न्हाई." आता त्यांनाही कळलं, आणि त्यांनी त्यांना येत होतं ते केलं: बैलांना घालतात तशी "हो, हो, हो" अशी साद घालायला सुरुवात केली. वस्तीचं वळण आलं आणि अंगण दिसलं. अंगणात जीप उभी होती. पाहुणे लवकर आले होते. घोंगडीवर पटका बांधलेले एक भारदस्त गृहस्थ, त्यांच्या शेजारी मामा, पलीकडे पांढऱ्या शर्टातला एक मुलगा, आणि पाण्याचा तांब्या घेऊन वाकलेला दादा. आई नंतर म्हणाली की ब्रेकचा आवाज आला नाही, म्हणून तिला वाटलं आम्ही अजून कालव्यावरच आहोत. आम्ही जीप आणि घोंगडी यांच्या मधून गेलो. आप्पांनी जाता जाता हात वर करून "राम राम" म्हटलं, हे मी शपथेवर सांगते. अंगण संपलं, बांध आला, आणि आम्ही त्याच सकाळी पाणी सोडलेल्या कांद्याच्या रानात शिरलो. चिखलानं दोन्ही चाकं गिळली आणि गाडी उभीच्या उभी थांबली. पडलो नाही. नुसते दोघं गुडघाभर चिखलात, बसल्या जागी, एकामागे एक. मग आप्पा मागून म्हणाले, "उतर आता. पाव्हणं बघत्यात."

बघण्याचा कार्यक्रम झाला. माझ्या कानात चिखल होता आणि अंगाला रॉकेलचा वास, पण साडी बरी होती. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या. मामा जमिनीकडे बघत होता. दादाचे कान लाल झाले होते. तात्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग पोह्यांतला दाणा चावत म्हणाले, "गाडी कवापासनं चालवती?" मी म्हणाले, "गाडी आता आता. ब्रेक आधीपासनं." हे कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. तात्या मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या शेजारचा मुलगा खाली मान घालून, खांदे हलवत हसला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला नातवंडं असतील. पण तो हसला तेव्हा मला तो आवडला. हे लपवण्याचं आता माझं वय राहिलेलं नाही.

जीप गेल्यावर दादानं चिखलातून गाडी काढली, मागचं चाक उघडलं आणि आतलं जळक्या ऑइलनं माखलेलं ब्रेकचं भांडं आप्पांसमोर धरलं. तो चिडला होता, पण आप्पांवर चिडायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्याचा आवाज रडवेला येत होता. "आप्पा, ब्रेकला वंगण नसतंय. ब्रेकनं चाक धरायचं असतंय." आप्पांनी ते भांडं हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "धरताना दुखतंय म्हणून वरडत व्हतं व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं फिरताना दुखतंय." दादानं किल्ली खिशात घातली आणि सांगितलं की यापुढे मंगलनं गाडीला हात लावायचा नाही. मी मंगल.

स्थळ गेलंच म्हणून आई चार दिवस नीट जेवली नाही. आणि मग मामा आला तो हसत. मुलगी पसंत आहे. धीट आहे, तोंडानं सरळ आहे, मुलालाही आवडली आहे. "फकस्त एक हाय," मामा म्हणाला. "तात्यांचं म्हणणं, आमच्याकडं बाईमाणूस गाडीवर बसतं ते मागं. लोकं हसत्यात. तिनं ते चालवायचं एवढं सोडावं. कागुद न्हाई, काय न्हाई, आप्पांनी नुसता शब्द द्यावा." आई म्हणाली, "अवो, ह्यात काय मागितलं? एवढ्यावर मिळतंय." दादा म्हणाला, त्याचं तर तेच म्हणणं आहे. मी चुलीपाशी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते हे मलाही माहीत नव्हतं. तो मुलगा मला आवडला होता. गाडीही आवडली होती. दोन्हीतलं एक निवडायचं असतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा काठीनं जमिनीवर रेघा ओढत होते. "शब्दच द्यायचा ना," ते म्हणाले. "समक्ष देतो. गुरुवारी जाऊन येतो राहूला."

गुरुवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही गाडी धुतली. यावेळी मी गाडी जाताना आणि येतानाही ढकलतच नेली, बसले नाही. अंगणात दादा कपडे करून तयार होता. आप्पा म्हणाले, "तू रातपाळी करून आलाय, झोप. मंगल नेती मला." आई म्हणाली, "अवो, शब्द कसला द्यायला चाललाय, आन् तिलाच पुढं बसवून?" आप्पा म्हणाले, "राहूला थेट एस.टी. न्हाई." ते इतक्या साधेपणानं म्हणाले की आम्हा तिघांनाही वाटलं, आप्पांच्या लक्षातच आलेलं नाही. दादानं शेवटी किल्ली दिली. मला म्हणाला, "गावाच्या आधी उतर आन् त्यांना चालत जाऊ दे. आन् पुढचा ब्रेक बी दाबत जा, काय व्हत न्हाई त्यानं."

शिरूर, न्हावरा, पारगाव. मी तोवर कालव्याच्या पुलापलीकडे कधी गाडी नेली नव्हती. ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे, उसाच्या ट्रॉल्या सगळा रस्ता अडवायच्या, आणि मी दोन्ही ब्रेक दाबत, हॉर्न वाजवत चालले होते. आप्पा मागून दाखवत होते, इथं मेंढरं बसवायचो, इथं लांडगा आला व्हता. मला अर्धंच ऐकू येत होतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, की ही शेवटची खेप, आणि निदान ती नीट करावी. गाडी मी त्या दिवशी जितकी चांगली चालवली तितकी नंतरही फार वेळा चालवली नसेल. राहूच्या अलीकडे मी उतरायला थांबले तर आप्पा हलले नाहीत. "चल की," ते म्हणाले, "दारात जायचंय. आपून चोर हाय का?"

गुऱ्हाळाच्या वासानंच तात्यांचं घर सापडलं. काहिलीत रस उकळत होता, चिपाडाचा धूर होता, पुष्कळ माणसं कामाला होती आणि ती सगळी थांबून बघायला लागली. मी गाडी अंगणात नेऊन थांबवली, स्टँडवर लावली. तात्या बाहेर आले. त्यांचा चेहरा बदलला, पण माणूस रीतीचा. बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मला वाटीत गरम गूळ आणून दिला. मुलगा काहिलीपाशी झारा घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि जरासा हसला. तात्या म्हणाले, "बोला आप्पा. शब्द द्यायला आलात म्हणं."

आप्पा म्हणाले, "तात्या, म्या लई इचार केला. शब्द दिला म्या तर पाळायचा हिनं. दुसऱ्यानं पाळायचा शब्द म्या कसा देऊ? म्हणून हिलाच घिऊन आलो. तुम्ही इचारा तिला. ती म्हणंल ते मला कबूल हाय." आणि त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

माझ्या तोंडात गरम गूळ होता. गिळता येईना आणि बोलता येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापर्यंत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि एकदम हे विचारलं होतं. मी त्या मुलाकडे पाहिलं. मला वाटत होतं की तो एक शब्द बोलेल. "चालवू दे की" म्हणेल, नाही तर "राहू दे ते" म्हणेल, काहीही. तो बापाकडे बघत होता. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं तशी त्यानं मान खाली घातली आणि झारा काहिलीत फिरवायला लागला. मी गूळ गिळला, जीभ भाजली, आणि म्हणाले, "तात्या, गाडी न्हाई सोडायची मला." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

तात्यांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. नंतर कळण्यापरीस आधी कळलेलं बरं." रागावले नाहीत. आम्हाला चहा दिला, आणि निघताना गुळाची एक ढेप फडक्यात बांधून आप्पांच्या मांडीवर ठेवली. मी किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. काहिलीकडे मी बघितलं नाही.

गाव संपेपर्यंत मी ताठ बसले होते. ऊस दोन्हीकडून सुरू झाला तसं मला रडू यायला लागलं. गाडीवर रडणं सोपं नाही, वाऱ्यानं पाणी कानाकडे जातं आणि रस्ता पुसट होतो. मी काही आवाज केला नव्हता, पण आप्पांना पाठीवरून कळलं असावं. एरवी ते मागच्या कॅरिअरला धरून बसायचे. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. असे आम्ही पारगावच्या पुलापर्यंत आलो. खाली भीमेचं पाणी चमकत होतं. आप्पा मागून म्हणाले, "मंगल, जरा गाडी थांबव."

मी म्हणाले, "काय झालं? गूळ सांडला का?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला बी रडू यायला लागलंय. आन् आपल्या दोघांतल्या एकाला तरी समोरचं नीट दिसाय पायजे."

मी दोन्ही ब्रेक दाबले.